फौजीची परदेशी बायको आणि सरकारचा संशय

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.)

१६ डिसेंबर २०२० ला अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात हेलन व्हायोला जॅक्सन नावाच्या एक आजी वारल्या. वय १०१. अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्या सैनिकाची शेवटची ज्ञात विधवा म्हणून त्यांची नोंद झाली. यादवी युद्ध म्हणजे लिंकनच्या काळातलं, गुलामगिरीवरून पेटलेलं, १८६५ साली संपलेलं. त्या युद्धातल्या सैनिकाची बायको २०२० पर्यंत जिवंत कशी, असं कुणालाही वाटेल.

हिशोब सोपा आहे. १९३६ साली हेलन १७ वर्षांची होती आणि जेम्स बोलिन ९३ वर्षांचे. ती शाळेतून येताजाता म्हाताऱ्याच्या घरची कामं करायची. फुकट काम करून घेणं म्हाताऱ्याला पटेना आणि मजुरी द्यायला जवळ काही नव्हतं. मग त्यांनीच सुचवलं की, माझ्याशी लग्न कर, म्हणजे मी गेल्यावर फौजेचं पेन्शन तुला लागेल. मंदीचे दिवस होते. लग्न झालं, पण हेलन राहायची आपल्या आईबापाकडंच. तीन वर्षांनी बोलिन गेले. आणि हेलननं पेन्शनसाठी अर्ज केलाच नाही! बोलिनच्या एका मुलीनं तिला बदनामीची धमकी दिली होती. लग्नाची गोष्ट तिनं ऐंशी वर्षं पोटात ठेवली आणि २०१७ मध्ये आपल्या पाद्र्याला सांगितली.

त्याच वर्षी, ३१ मे २०२० ला, आयरीन ट्रिपलेट वारल्या. त्याच युद्धातल्या सैनिकाची मुलगी. वडील मोझ ट्रिपलेट आधी दक्षिणेच्या फौजेत होते. गेटिसबर्गच्या वाटेवर आजारी पडले, तिथून निसटले आणि पुढं उत्तरेच्या फौजेत दाखल झाले. वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांना ही मुलगी झाली. तिला अमेरिकन सरकार दर महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट देत होतं, अगदी मरेपर्यंत. युद्ध संपून १५५ वर्षं झाली तरी पेन्शन चालू.

हे दोन किस्से आधी सांगायचं कारण असं. फौजीच्या मागं राहिलेल्या माणसांना पैसे देणं सरकारला टाळता येत नाही. पण बायको कोण, लग्न खरं की पैशासाठी, हा संशयही सरकारच्या डोक्यातून कधी जात नाही. आणि ती बायको परदेशी असली की संशय दुप्पट. आमच्याकडं साताऱ्याच्या पट्ट्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांगा लागतात, तेव्हा फॅमिली पेन्शन म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगायला नको. अमेरिकेतली कथा मात्र वेगळ्या वळणानं गेली आहे.

सुरुवात १८६२ च्या कायद्यापासून. साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर. युद्ध लांबलं, विधवा वाढल्या, आणि तपासनीस आले. पेन्शन खात्याचे हे तपासनीस गावोगाव फिरून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घ्यायचे. बाई कुणाबरोबर राहते, घरी कोण येतं जातं. १८८२ साली तर कायदाच झाला की, विधवा लग्नाशिवाय कुणाबरोबर उघडपणे राहत असेल तर पेन्शन बंद. म्हणजे सरकार आठ डॉलर देणार आणि त्या बदल्यात बाईच्या उंबऱ्याआत डोकावणार.

काळ्या सैनिकांच्या विधवांची अडचण आणखी निराळी. गुलामांच्या लग्नाला कायद्यात जागाच नव्हती, तर दाखला आणायचा कुठून? १८६४ च्या कायद्यानं त्यांच्यासाठी कागदाऐवजी एकत्र राहिल्याचा पुरावा चालेल असं ठरवलं. हे लक्षात ठेवा, कारण ‘लग्नाचा कागद’ हा मुद्दा शंभर वर्षांनी फिलिपिन्समध्ये परत येणार आहे.

मग तरण्या पोरींनी म्हाताऱ्या पेन्शनरांशी लग्नं लावायला सुरुवात केली, निदान तशी ओरड झाली. त्यावर १८९० च्या कायद्यात तारीख घातली. २७ जून १८९० च्या आधी लग्न झालं असेल तरच विधवा पात्र. पुढं ही तारीख सरकत गेली, पण तत्त्व पक्कं झालं. नोकरीनंतरचं लग्न म्हणजे संशयास्पद लग्न.

यात परदेशी बायको कुठं होती? गंमत बघा, कायद्याच्या दृष्टीनं ती नव्हतीच! १८५५ च्या कायद्यानुसार अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं की गोरी परदेशी बाई आपोआप अमेरिकन व्हायची. अर्ज नाही, परीक्षा नाही. उलट बाजू तितकीच अजब होती. १९०७ पासून अमेरिकन बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं स्वतःचं नागरिकत्व जायचं. बाईचं राष्ट्र म्हणजे नवऱ्याचं राष्ट्र. पहिल्या महायुद्धातून फ्रेंच बायका घेऊन परतलेल्या शिपायांना म्हणूनच फार त्रास झाला नाही.

१९२२ च्या केबल कायद्यानं हे संपवलं. स्त्रियांना मताधिकार मिळाला होता, नागरिकत्व नवऱ्याच्या शेपटीला बांधणं शोभत नव्हतं. सुधारणाच होती ती. पण परिणाम असा झाला की, त्या दिवसापासून ‘नागरिकाची परदेशी बायको’ हा नवा वर्ग कायद्यात जन्माला आला. दोन वर्षांनी १९२४ चा इमिग्रेशन कायदा आला आणि जे वंशामुळं नागरिक होऊ शकत नाहीत त्यांना देशात स्थायिक व्हायलाच बंदी झाली. म्हणजे जवळजवळ सगळा आशिया बाहेर.

इथं एक आपला माणूस येतो. भगतसिंग थिंद, अमृतसर जिल्ह्यातले. १९१८ मध्ये अमेरिकन फौजेत भरती झाले. पगडीसह गणवेश. त्याच डिसेंबरात नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं. पुन्हा ऑरेगॉनमध्ये मिळालं, तर सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. १९ फेब्रुवारी १९२३ चा निकाल असा की, वंशशास्त्राप्रमाणं तुम्ही काहीही असा, सामान्य माणसाच्या समजुतीनं तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक नाही. फौजेतली नोकरी कामाला आली ती १९३५ साली, पहिल्या महायुद्धातल्या आशियाई सैनिकांसाठी खास कायदा झाला तेव्हा. पुढच्या वर्षी ते नागरिक झाले. फौजीची ही गत, तर फौजीच्या बायकोची काय असणार?

ते दुसऱ्या महायुद्धानंतर कळलं. अमेरिकन पोरं जगभर पसरली होती आणि पोरं म्हटल्यावर लग्नं होणारच. एकट्या ब्रिटनमध्ये सत्तर हजारांच्या घरात. नवरे जहाजानं घरी परतले, बायका मागं राहिल्या. १९४५ च्या अखेरीस या बायकांनी लंडनमध्ये अमेरिकन वकिलातीसमोर निदर्शनं केली, कडेवर पोरं घेऊन. २८ डिसेंबर १९४५ ला वॉर ब्राइड्स कायदा आला. तीन वर्षांची मुदत, कोटा नाही, कागदपत्रांच्या आणि वैद्यकीय अटींत सूट. २६ जानेवारी १९४६ ला साउदॅम्प्टनहून ‘अर्जेंटिना’ जहाज साडेचारशेच्या आसपास नवऱ्या आणि त्यांची पोरं घेऊन न्यूयॉर्कला निघालं. या फेऱ्यांना लोकांनी ठेवलेलं नाव ‘ऑपरेशन डायपर रन’. यावरून जहाजावर काय वास असेल ते समजून घ्या.

पण हे सगळ्याच बायकांसाठी नव्हतं. जपानी बायकोला हे दार बंदच होतं, कारण १९२४ चा कायदा जागेवर होता. जपानमध्ये तैनात शिपाई वरिष्ठांकडं लग्नाची परवानगी मागायचे आणि नकार घेऊन परतायचे. २२ जुलै १९४७ ला काँग्रेसनं दुरुस्ती केली की, वंश न बघता बायको आणता येईल, मात्र लग्न कायदा झाल्यापासून तीस दिवसांत झालं पाहिजे. तीस दिवस! टोकियोत धावपळ झाली, ज्यांना जमलं त्यांनी उरकलं. कायमची सोय झाली १९५२ मध्ये, मॅकॅरन-वॉल्टर कायद्यानं नागरिकत्वातली वंशाची अट काढली तेव्हा. पुढच्या काही वर्षांत जपानी बायका हजारोंनी अमेरिकेत गेल्या. (आपल्याला, म्हणजे भारतीयांना, १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्यानं नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभर माणसांचा कोटा मिळाला होता. शंभर. एका एसटीत उभे-बसलेले मिळून मावतील एवढे.)

गोरी असूनही कशी ससेहोलपट होऊ शकते, ते एलेन नॉफच्या प्रकरणात दिसलं. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण शिकवायला हवं असं माझं मत आहे.

एलेन जर्मनीत जन्मली. हिटलरच्या काळात चेकोस्लोव्हाकियामार्गे निर्वासित म्हणून इंग्लंडला पोचली. युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत नोकरी केली, चांगलं प्रशस्तिपत्र मिळवलं. युद्धानंतर जर्मनीत अमेरिकन लष्करी खात्यात काम धरलं. तिथं १९४८ च्या फेब्रुवारीत कर्ट नॉफशी लग्न. कर्ट म्हणजे अमेरिकन नागरिक, फौजेतून सन्मानानं निवृत्त झालेला, आणि तेव्हा फ्रँकफुर्टमध्ये लष्कराकडंच नागरी नोकरीत. म्हणजे नवरा माजी सैनिक, बायको सरकारच्याच नोकरीत होती, वॉर ब्राइड्स कायद्याची मुदत शिल्लक. १४ ऑगस्ट १९४८ ला ती न्यूयॉर्कला उतरली आणि थेट एलिस बेटावर डांबली गेली.

कारण? सांगणार नाही. सुनावणी? होणार नाही. तुम्हाला प्रवेश देणं देशहिताच्या विरुद्ध आहे, पुरावा गुप्त आहे, बस्स. नवऱ्यानं कोर्टात धाव घेतली. १६ जानेवारी १९५० ला सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध ३ असा निकाल सरकारच्या बाजूनं दिला. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं की, परदेशी माणसाला देशात येण्याचा हक्क नाही, ती सवलत आहे, आणि सवलत नाकारताना काँग्रेसनं जी पद्धत ठरवली तोच न्याय. विरोधी मत लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन होते. हे तेच जॅक्सन, जे न्यूरेंबर्गला नाझींवरच्या खटल्यात अमेरिकेचे मुख्य सरकारी वकील होते. गुप्त पुराव्यानं काय होतं ते त्यांनी जवळून बघितलं होतं.

निकालानंतर सरकार तिला परत पाठवायला निघालं. १९५० च्या मे महिन्यात विमान सुटायच्या थोडं आधी जॅक्सन यांनीच स्थगिती दिली. तोवर वर्तमानपत्रं उठली होती. ‘सेंट लुई पोस्ट-डिस्पॅच’नं प्रकरण लावून धरलं, काँग्रेसमध्ये खास विधेयक आलं. शेवटी १९५१ मध्ये सुनावणी द्यावीच लागली. गुप्त पुरावा उघड्यावर आला तर निघालं काय? ऐकीव माहिती. जर्मनीतल्या लोकांचे आरोप की ती चेक लोकांना बातम्या पुरवायची, आणि त्यातली एक साक्षीदार कर्टची जुनी मैत्रीण. अपील मंडळानं आरोप फेटाळले आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये एलेन मोकळी झाली. उतरल्यापासून सव्वातीन वर्षांनी. ती सुटली, पण तिच्या नावाचा निकाल मात्र पुस्तकात राहिला आणि नंतरच्या अनेक सरकारांनी तो वापरला.

आता पैशाकडं येऊ, कारण बायकोला देशात घेणं एक आणि नवऱ्यामागं तिला जगवणं वेगळं.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण बरीच वर्षं अमेरिकेत निवृत्त फौजीचं पेन्शन त्याच्याबरोबरच मरायचं. वीस-पंचवीस वर्षं नोकरी करून घरी आलेला माणूस साध्या आजारानं गेला की पुढच्या महिन्यापासून घरी शून्य. १९५३ मध्ये एक ऐच्छिक योजना काढली, पण सगळा खर्च फौजीच्याच पेन्शनमधून, त्यामुळं फार थोड्यांनी घेतली. २१ सप्टेंबर १९७२ ला सर्व्हायव्हर बेनिफिट प्लॅन आला, तोच आजही चालू. फौजीनं पेन्शनमधून साडेसहा टक्के कापून द्यायचे, मागं बायकोला ५५ टक्के मिळणार. आपल्याकडं साध्या फॅमिली पेन्शनला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात पण त्यासाठी कापत काही नाहीत. ज्याला जे चांगलं वाटेल ते.

या योजनेचं मला आवडलेलं एक अंग म्हणजे बायकोचं नागरिकत्व ती विचारत नाही. बायको ओहायोची असो की उदोन थानीची, टक्केवारी तीच. तारखा मात्र विचारते. निवृत्तीच्या वेळी फौजी अविवाहित असेल आणि नंतर लग्न केलं, तर एका वर्षाच्या आत नाव घालायचं. एक वर्ष हुकलं की दार बंद. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि मूल नसेल, तरी विधवेला काही नाही. १८९० चीच भीती, नव्या कपड्यात. आणि घटस्फोटात कोर्टानं पहिल्या बायकोचं नाव योजनेत कायम ठेवलं असेल तर दुसरीला जागा नाही, दोघींत वाटणी होत नाही. काँग्रेस अधूनमधून काही महिन्यांसाठी दार उघडते, अलीकडं २०२३ मध्ये उघडलं होतं. परदेशात राहणाऱ्या दुसऱ्या बायकोला हे वेळेवर कोण सांगणार?

पैसे सुरू झाले तरी एक कात्री आहे. विधवा अमेरिकेची नागरिक नाही आणि राहते बाहेर, तर साधारण ३० टक्के कर मुळातच कापला जातो, करार असेल तर कमी.

खरी मेख सोशल सिक्युरिटीत आहे. फौजीही आपल्या पगारातून त्यात भर घालतो, म्हणून विधवेचा त्यावर हक्क असतो. १९८३ च्या दुरुस्तीनं नियम केला की, परदेशी विधवा सलग सहा महिने अमेरिकेबाहेर राहिली तर पैसे थांबणार, अपवाद तिचा जिनं त्या नात्यात असताना किमान पाच वर्षं अमेरिकेत काढली. १ जानेवारी १९८५ पासून पात्र होणाऱ्यांना हा लागू. आणखी एक अपवाद आहे. नवरा फौजेत सेवेत असताना किंवा सेवेत जडलेल्या व्याधीनं गेला असेल तर अट नाही.

शिवाय ज्या देशांशी अमेरिकेचा सोशल सिक्युरिटीचा करार आहे, तिथल्या विधवांना ही अट नाही. जर्मनी १९७९, ब्रिटन १९८५, दक्षिण कोरिया २००१, जपान २००५. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. अमेरिकन फौजा राहिल्या आणि लग्नं झाली ते देश हेच. पण फिलिपिन्स यादीत नाही, थायलंड नाही, व्हिएतनाम नाही. एकाच तुकडीतले दोन सार्जंट, सारखी नोकरी, सारखी वर्गणी. एकानं ओकिनावात लग्न केलं, दुसऱ्यानं फिलिपिन्समधल्या अँजेलिस शहरात. दोघेही बायकोच्या गावी स्थायिक झाले, दोघेही म्हातारपणानं गेले. पहिलीला पैसे घरपोच, दुसरीला सहा महिन्यांनी बंद. याचं समर्थन मला तरी कुठं सापडलं नाही. खजिन्याचा हिशोब सापडतो, समर्थन नाही.

फिलिपिन्सची तर वेगळीच जखम आहे. १९४१ च्या जुलैत रूझवेल्टनं तिथली फौज अमेरिकन सेवेत बोलावली. अडीच लाखांच्या वर फिलिपिनो लढले. १८ फेब्रुवारी १९४६ ला, युद्ध जिंकल्यावर, काँग्रेसनं कायदा केला की यातल्या बहुतेकांची सेवा लाभांच्या दृष्टीनं सेवा धरायची नाही. भरपाई आली २००९ मध्ये. अमेरिकन नागरिक झालेल्याला एकरकमी १५ हजार डॉलर, न झालेल्याला ९ हजार. विधवेला तेव्हाच, जर म्हातारा अर्ज केल्यानंतर मेला असेल. त्रेसष्ट वर्षं थांबवलं आणि मग मरणाची तारीख बघितली.

तिथं आजही निवृत्त अमेरिकन फौजी मोठ्या संख्येनं राहतात. क्लार्कचा हवाई तळ १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीनंतर सोडला, सुबिकचा नाविक तळ १९९२ मध्ये. तळ गेले, माणसं राहिली. माजी सैनिक खात्याचं परदेशातलं एकमेव विभागीय कार्यालय मनिलात आहे. आणि तिथं पुन्हा तो कागद! फिलिपिन्समध्ये मुस्लिम समाज सोडला तर घटस्फोटाचा कायदा नाही. बाईचं विशीत लग्न झालेलं, नवरा सोडून गेलेला, पुढं अमेरिकन म्हाताऱ्याची वीस वर्षं सेवा केली, त्याच्याशी लग्नही लावलं. तो गेल्यावर फाइल उघडते, पहिलं लग्न कायद्यानं जिवंत निघतं, दुसरं रद्दबातल. १८६४ साली काळ्या विधवांना जी मुभा दिली, तिच्या जवळपास जाणारी वाट इथंही आहे. आधीच्या लग्नाची अडचण माहीत नसताना प्रामाणिकपणे संसार केला असेल तर खातं ते लग्न मान्य धरू शकतं. पण माहीत नव्हतं हे सिद्ध करायचं विधवेनं.

आपल्याकडचं दोन ओळीत सांगतो. निवृत्तीनंतरच्या लग्नातली बायको फॅमिली पेन्शनमधून वगळता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्ये भगवंती खटल्यात सांगून टाकलं. आणि परदेशी विधवांना पेन्शन देण्यात भारतीय लष्कराचा हात अमेरिकेपेक्षा जुना सरावलेला आहे. १९४७ च्या त्रिपक्षीय करारापासून नेपाळी गोरखा आपल्या फौजेत आहेत, त्यांच्या बायका बहुतेक नेपाळच्याच नागरिक. काठमांडू, पोखरा आणि धरानला आपली पेन्शन वाटप कार्यालयं आहेत. डोंगरातल्या म्हाताऱ्या तिथवर येऊन पैसे नेतात. पाच वर्षं भारतात राहून दाखवा असं त्यांना कुणी म्हणत नाही.

आता हे सगळं आपल्या काय कामाचं, तर पाच वर्षांचा तो नियम फक्त फौजींच्या बायकांना नाही, सोशल सिक्युरिटी भरणाऱ्या सगळ्यांच्या परदेशी बायकांना आणि नवऱ्यांना आहे. पुण्या-नाशिकची कितीतरी घरं त्यात येतात. नवरा दहा-पंधरा वर्षं तिकडं नोकरी करून आला, बायको काही वर्षं तिकडं होती, आता दोघं इथं. भारताचा अमेरिकेशी असा करार नाही. बोलणी बरीच वर्षं चालू आहेत, सही झालेली नाही. त्यामुळं ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी बायकोचे जुने पासपोर्ट, येण्याजाण्याचे शिक्के, घरभाड्याचे करार, टॅक्सचे कागद रद्दीत घालू नयेत. पाच वर्षं मोजायची वेळ येईल तेव्हा ते मोजणार कागदावरूनच.